विश्लेषण : चढाई सगळ्यांना दिसते, पकड करणाऱ्याची कारकीर्द कशी घडते?

नेरळ स्थानकावर उतरून कळंबच्या रस्त्याला लागले की पोशीर येते. भातकापणी उरकली आणि खाचरे सुकली की कर्जत-खालापूरच्या या पट्ट्यात कबड्डीचे दिवस सुरू होतात. फक्कीने आखलेले मैदान, बांबूला बांधलेले दिवे आणि भोवती बसलेले अख्खे गाव. आरोळी उठते ती चढाईपटू दोन गडी टिपून परत आला की. त्यामुळे प्रत्येक पोराला चढाईपटूच व्हायचे असते. कोपऱ्यात वाकून, हात पुढे धरून उभ्या असलेल्या गड्याकडे फारसे कोणी बघत नाही. प्रत्यक्षात गेल्या दहा-बारा वर्षांत या कोपऱ्यातल्या गड्यालाही कोटीची बोली लागली आहे. ही कारकीर्द घडते कशी, टिकते किती आणि गावातल्या घराला ती परवडते का, याचा हा आढावा.

बचावपटू म्हणजे नेमके कोण?

कबड्डीत प्रत्येक बाजूचे सात खेळाडू मैदानात असतात. समोरच्या संघाचा एक जण चढाईला आला की बाकीचे काम या सातांचे. दोन्ही टोकांना उभे असतात ते डावा आणि उजवा कोपरारक्षक. त्यांच्या आतल्या बाजूला मध्यरक्षक, ज्यांना खेळाडू सरळ ‘कव्हर’ म्हणतात. उरलेल्या जागी बहुधा संघाचे चढाईपटू उभे राहतात आणि साखळीत हात देतात.

कोपरारक्षकाचे हत्यार म्हणजे घोटा आणि मांडी. पुरुषांच्या मैदानात मध्यरेषेपासून निदान रेषा ३.७५ मीटरवर आणि बोनस रेषा त्यापुढे एक मीटरवर असते. बोनस घेताना चढाईपटूला एक पाय त्या रेषेपलीकडे टाकावा लागतो आणि त्या क्षणी दुसरा पाय हवेत असावा लागतो. म्हणजे सगळा भार एकाच पायावर. कोपरारक्षक नेमकी हीच वेळ साधून घोटा धरतो. मध्यरक्षकाचे काम वेगळे. चढाईपटू परत वळला की त्याची वाट अडवायची, धडक द्यायची, त्याला मैदानाबाहेर ढकलायचे किंवा कोपऱ्याने धरलेल्या पायाला वरून जोड द्यायची.

यातले कोणतेही काम एकट्याचे नाही. कोपऱ्याने पाय धरला आणि शेजारचा अर्धा क्षण उशिरा आला, तर चढाईपटू दोघांना ओढत मध्यरेषेला हात लावतो. म्हणून बचावपटूची कारकीर्द बरीचशी त्याच्या शेजारी कोण उभा आहे यावर ठरते. प्रो कबड्डीचा दुसरा हंगाम २०१५ मध्ये यू मुम्बाने जिंकला, तेव्हा कोपऱ्यात सुरिंदर नाडा आणि मोहित छिल्लर, तर मध्ये जीवा कुमार आणि मुंबईचा विशाल माने अशी चौकडी होती. त्या संघाची ओळखच ही फळी होती.

गुणफलकावर बचावपटू लहान का दिसतो?

कारण हिशेबच तसा आहे. चढाईपटूने एका चढाईत तीन गडी टिपले तर तीन गुण मिळतात, आणि तिन्ही त्याच्या नावावर लागतात. चार बचावपटूंनी मिळून त्याला पाडले तरी संघाला गुण एकच. तोही बहुधा ज्याने पहिली पकड घातली त्याच्या खात्यात. धडक देणाऱ्या आणि साखळी धरणाऱ्या इतरांच्या नावापुढे काहीच जमा होत नाही. अपवाद अव्वल पकडीचा. मैदानात तीन किंवा त्याहून कमी गडी उरले असताना पकड झाली तर एक गुण जास्त मिळतो.

चुकीची किंमत मात्र सगळे मोजतात. फसलेल्या पकडीत ज्यांनी-ज्यांनी हात लावला ते सगळे बाद. शिवाय ३० सेकंद चढाईपटूला रोखून रिकाम्या हाताने परत पाठवले, तर त्या कामाचा गुणच नसतो. प्रो कबड्डीत सलग दोन रिकाम्या चढाया झाल्या की तिसरी ‘करा किंवा मरा’ची होते. तो दबाव बचावफळीने आणलेला असतो, पण कोणत्याही तक्त्यात तो दिसत नाही.

दोन विक्रम शेजारी ठेवले की फरक कळतो. परदीप नरवालने २०१७ च्या हंगामात चढाईचे ३६९ गुण मिळवले. २०१८ मध्ये यूपी योद्धाच्या नितेश कुमारने एका हंगामात पकडीचे १०० गुण केले, आणि अशी मजल मारणारा तो पहिला बचावपटू ठरला. दोघेही आपापल्या कामात शिखरावर. तरीही आकडा साडेतीन पटींहून जास्त वेगळा. ज्याला हा खेळ ठाऊक नाही, त्याला नितेश दुय्यम वाटेल.

बचावपटूची कारकीर्द जास्त टिकते का?

वेग आणि लवचीकता ही चढाईची भांडवले वयाबरोबर आटतात. बचावात ताकद लागतेच, पण त्याहून जास्त लागते ती समोरच्याच्या पायांची वाचणी. हा चढाईपटू कोणत्या पायावर वळतो, बोनसला कधी जातो, हाताने फसवतो की पायाने, हे शेकडो चढाया पाहून अंगात मुरते. त्यामुळे चांगला कोपरारक्षक बऱ्याचदा उशिरा उठून दिसतो आणि उशिरापर्यंत टिकतो.

इराणचा फझल अत्राचली हे याचे ठळक उदाहरण. २०१५ मध्ये यू मुम्बाकडून, २०१६ मध्ये पाटणा पायरेट्सकडून तो विजेत्या संघात होता. मधल्या काळात तो गुजरात, पुणे, बंगाल असे संघ फिरला. ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी दबंग दिल्लीने पुणेरी पलटणला ३१-२८ असे हरवून बारावा हंगाम जिंकला, तेव्हाही फझल दिल्लीच्या संघात होता. पहिल्या आणि या विजेतेपदात दहा वर्षांचे अंतर. पकडीचे ५०० गुण ओलांडणारा तो लीगमधला पहिला खेळाडू आहे.

त्याच २०२५ च्या लिलावात परदीप नरवालला कोणीही घेतले नाही आणि त्याने निवृत्ती जाहीर केली. नावावर चढाईचे १,८०० गुण, वय अवघे २८. दोन माणसांवरून नियम काढता येत नाही. दुखापत, फॉर्म, संघाची गरज अशी अनेक कारणे असतात. तरी ‘चढाईपटूच मोठा’ असे मानून मुलाला एकाच कामात जुंपण्याआधी ही दोन नावे आठवावीत.

गावातून वर जाण्याचा मार्ग कोणता?

पहिली पायरी गावचे किंवा शेजारच्या गावाचे मंडळ. हे मंडळ जिल्हा कबड्डी संघटनेशी संलग्न असले पाहिजे, कारण जिल्हा अजिंक्यपद स्पर्धेत तेच उतरते. तिथून रायगड जिल्ह्याचा संघ निवडला जातो. जिल्ह्याचा संघ राज्य अजिंक्यपद स्पर्धेत खेळतो आणि त्या कामगिरीवरून महाराष्ट्राच्या संघाची निवड होते. किशोर, कुमार आणि वरिष्ठ अशा गटांना वय आणि वजन या दोन्हींची मर्यादा असते. वरिष्ठ पुरुषांसाठी ती ८५ किलो आहे. दुसरी वाट शाळेची. शालेय स्पर्धा, नंतर विद्यापीठाचा संघ. यांखेरीज २०२२ पासून युवा कबड्डी मालिका सुरू झाली असून तिथेही तरुणांवर नजर ठेवली जाते.

रायगड हा या खेळाचा जुना जिल्हा आहे. इथला मयूर कदम महाराष्ट्राकडून खेळला आणि प्रो कबड्डीत बंगळूरु बुल्सच्या बचावफळीत उभा राहिला. म्हणजे वाट आहे. अडचण आहे ती मैदानाची. गावात सराव होतो मातीवर आणि अनवाणी. निवड होते ती मॅटवर, बूट घालून. मातीत पाय थोडा सरकतो आणि झटका जिरतो. मॅटवर बूट घट्ट रुततो, पाय जागीच राहतो आणि वरचे शरीर वळते. घोटा धरायला झेपावताना अंगाचा अंदाजही चुकतो. ज्या मुलाने निवड चाचणीच्या दिवशीच पहिल्यांदा मॅट पाहिली, तो चाचणीत मागे पडतो तो बहुधा या कारणाने.

गिरीश इरनाकचा प्रवास काय सांगतो?

पोशीरच्या शेजारीच ठाणे जिल्हा. तिथला गिरीश इरनाक हा डावा कोपरारक्षक. जानेवारी २०१८ मध्ये हैदराबादच्या राष्ट्रीय स्पर्धेत रिशांक देवाडिगाच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने सेनादलाला ३४-२९ असे हरवून ११ वर्षांनी विजेतेपद मिळवले. गिरीश त्या संघाच्या बचावाचा आधार होता.

त्याच वर्षी जकार्ताच्या आशियाई क्रीडा स्पर्धेसाठी भारतीय संघात रिशांक आणि गिरीश या दोघांची निवड झाली. १९९० पासून सलग सात सुवर्णपदके भारताकडे होती. या वेळी गटात दक्षिण कोरियाने भारताला २४-२३ असे हरवले आणि उपांत्य फेरीत इराणने २७-१८ असे. भारताला कांस्यपदक मिळाले. उपांत्य सामन्यात भारताला फक्त १८ गुण करता आले, याचे मोठे श्रेय फझल अत्राचली असलेल्या इराणी बचावफळीचे होते. पकडीच्या बळावर एक देश सुवर्णाची मक्तेदारी मोडू शकतो, हे त्या दिवशी सगळ्यांनी पाहिले.

लीगमध्ये गिरीश पुणेरी पलटण, गुजरात जायंट्स, बंगाल वॉरियर्स, यू मुम्बा अशा संघांतून खेळला. देशाचे पदक मिळाल्यावरही एकाच संघात जम बसवून राहणे बचावपटूच्या नशिबी क्वचित येते. दर लिलावाला नवे गाव आणि शेजारी नवा गडी. त्याच्याशी इशारे, वेळ आणि विश्वास पुन्हा पहिल्यापासून जुळवावे लागतात.

पैसा किती आणि कोणाला?

२०१४ च्या पहिल्या लिलावात सर्वाधिक बोली राकेश कुमारला लागली, १२.८० लाख रुपयांची. दोन वर्षांनी, २०१६ मध्ये, सर्वांत महाग खेळाडू होता मोहित छिल्लर, म्हणजे कोपरारक्षक. बंगळूरुने त्याला ५३ लाखांना घेतले. २०१८ मध्ये यू मुम्बाने फझलसाठी एक कोटी मोजले. २०२३ मध्ये इराणच्याच मोहम्मदरेझा शादलुईला पुणेरी पलटणने २.३५ कोटींना घेतले. तो अष्टपैलू म्हणून लिलावात होता, पण त्याची मुख्य ताकद पकड. त्या हंगामात त्याने पकडीचे ९९ गुण केले आणि पुण्याने विजेतेपद जिंकले. त्याच लिलावात पवन सेहरावत या चढाईपटूला २.६०५ कोटी मिळाले होते.

हे झाले वरचे टोक. लिलावात खेळाडूंचे चार वर्ग असतात आणि अलीकडच्या हंगामांत मूळ किंमत ‘अ’ वर्गाची ३० लाख, ‘ब’ची २० लाख, ‘क’ची १३ लाख आणि ‘ड’ची ९ लाख अशी राहिली आहे. नव्या बचावपटूला घेतले तरी तो बहुधा खालच्या पायरीवर असतो, आणि कित्येकांचे नाव पुकारूनही बोली लागत नाही. शिवाय हा करार हंगामाचा. बारावा हंगाम २९ ऑगस्टला सुरू होऊन ३१ ऑक्टोबरला संपला, म्हणजे साधारण दोन महिने. उरलेल्या दहा महिन्यांचा खर्च त्याच पैशातून किंवा नोकरीतून काढायचा. गावात ‘त्याला इतके लाख मिळाले’ एवढेच पोहोचते. कर, प्रवास, खुराक, फिजिओ यांचा खर्च सांगायला कोणी बसत नाही.

मग नोकरी का महत्त्वाची?

लीग येण्याच्या कितीतरी आधीपासून महाराष्ट्रातल्या कबड्डीपटूचे व्यावसायिक आयुष्य नोकरीवर उभे आहे. रेल्वे, महाराष्ट्र पोलीस, भारत पेट्रोलियम, मुंबई बंदर, महिंद्रा, बँक ऑफ बडोदा यांच्यासारख्या आस्थापनांचे संघ स्पर्धांत व्यावसायिक गटात उतरतात. खेळाडूला पगार, सरावाची सवलत आणि पुढे निवृत्तीपर्यंतची नोकरी मिळते. एअर इंडियाचाही एके काळी दबदबा होता. जानेवारी २०२२ मध्ये ही कंपनी सरकारकडून खासगी हातात गेली. आधारासाठी कोणत्या संस्थेकडे पाहायचे, हे असे काळाबरोबर बदलते.

राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. इथे गावातले अनेक जण फसतात. आमंत्रितांच्या स्पर्धेतली ढाल, चषक किंवा ‘उत्कृष्ट पकड’चे बक्षीस या कामी येत नाही. लागते ते मान्यताप्राप्त संघटनेच्या अधिकृत स्पर्धेचे, ठरलेल्या स्तरावरचे प्रमाणपत्र. त्याची क्रीडा विभागाकडून पडताळणी करून घ्यावी लागते. आणि पदासाठी लागणारी शैक्षणिक पात्रता असावीच लागते. सरावासाठी बारावी सोडलेल्या मुलाकडे पदक असले तरी अनेक जागांचा अर्जच भरता येत नाही.

गुडघा गेला तर?

बचावपटूचा धंदा झेपावण्याचा, धडकण्याचा आणि अंगावर चार जण पडू देण्याचा. गुडघ्यातला अस्थिबंध, घोटा आणि खांदा या तीन जागा सर्वाधिक जोखमीच्या. गुडघ्याचा मुख्य अस्थिबंध तुटून शस्त्रक्रिया झाली, तर पूर्ण जोमाने परतायला नऊ महिने ते वर्ष लागते. म्हणजे एक हंगाम गेलाच. घाईने परतणाऱ्याचा गुडघा पुन्हा जाण्याचा धोका वाढतो.

हा धोका जगभरातल्या बचावपटूंच्या वाट्याला आला आहे. कॅनडाचा बॉबी ऑर हा आइस हॉकीतला सार्वकालिक महान बचावपटू मानला जातो. त्या खेळातल्या सर्वोत्तम बचावपटूचा नॉरिस करंडक त्याने १९६८ ते १९७५ अशी सलग आठ वर्षे जिंकला. बचावपटू असूनही त्याने दोन हंगामांत संपूर्ण लीगमध्ये सर्वाधिक गुण नोंदवले. मात्र डाव्या गुडघ्यावर एकामागून एक शस्त्रक्रिया झाल्या आणि १९७८ मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, त्याला थांबावे लागले. बर्फावर स्केट घालून खेळणारा ऑर असो की मॅटवरचा कोपरारक्षक, कारकीर्दीची लांबी बहुतेक वेळा गुडघाच ठरवतो.

गावपातळीवर यावर उपाय साधे आहेत, पण पाळले जात नाहीत. खेळण्याआधी पुरेसा व्यायाम, मांडीचे पुढचे-मागचे स्नायू बळकट करणे, उडी मारून नीट खाली येण्याचा सराव, आणि सूज असताना स्पर्धा न खेळणे. हंगामात आज या गावी, उद्या त्या गावी असे लागोपाठ रात्रीचे सामने खेळणारा मुलगा सर्वात आधी मोडतो. गुडघा ‘सटकतो’ असे तो सांगू लागला, तर चोळून, मालिश करून चालत नाही. अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवावे.

मुलींसाठी ही वाट खुली आहे का?

खेळ आहे, लीग नाही. २०१६ मध्ये प्रो कबड्डीसोबत तीन संघांची महिलांची स्पर्धा झाली होती. तिला पुढचे हंगाम लाभले नाहीत. दुसरीकडे भारतीय महिला संघाने नोव्हेंबर २०२५ मध्ये ढाक्यात चायनीज तैपेईला ३५-२८ असे हरवून विश्वचषक जिंकला. त्या संघाची कर्णधार रितू नेगी ही बचावपटू आहे, आणि मुंबईची सोनाली शिंगटेही त्या संघात होती. मैदानावर यश मिळूनही मुलींसाठी कोटीचा लिलाव नाही. त्यांची व्यावसायिक कारकीर्द आजही रेल्वे, पोलीस आणि इतर आस्थापनांच्या नोकरीवरच चालते. म्हणून प्रमाणपत्र आणि शिक्षण यांचा हिशेब मुलींच्या बाबतीत दुप्पट काटेकोर ठेवावा लागतो.

पोशीरच्या घराने काय पाहावे?

मुलगा किंवा मुलगी पकडीत चांगली असेल तर चार गोष्टी विचाराव्यात. मंडळ जिल्हा संघटनेशी संलग्न आहे का? महिन्यातून निदान काही दिवस मॅटवर सराव मिळतो का, आणि तो नेरळ, कर्जत किंवा पनवेलला जाऊन शक्य आहे का? अधिकृत स्पर्धांची प्रमाणपत्रे एका फाइलमध्ये जपली आहेत का? आणि शाळा-कॉलेज चालू आहे का?

प्रशिक्षकाला एक प्रश्न जास्त विचारावा : याच्या शेजारी कोण उभा राहतो? दोन-तीन वर्षे एकाच जोडीदाराबरोबर खेळलेला कोपरारक्षक आणि दर सामन्याला नवा कव्हर मिळणारा कोपरारक्षक यांत मोठा फरक पडतो. जिल्हा चाचणीला जाताना गावातली जोडी एकत्र गेली तर दोघांचीही पकड उठून दिसते.

आणि बघणाऱ्यांसाठीही एक काम आहे. महाराष्ट्रात १५ जुलै, शंकरराव ऊर्फ बुवा साळवी यांचा जन्मदिवस, कबड्डी दिन म्हणून साजरा होतो. त्या दिवशी किंवा पुढच्या हंगामात गावच्या मैदानाभोवती बसाल, तेव्हा एका डावात चढाईपटूवरची नजर काढून डाव्या कोपऱ्यावर ठेवा. तो किती वेळा पुढे आला आणि न धरता मागे गेला, ते मोजा. ती प्रत्येक माघार तो मोजून घेत असतो. धरायचे कधी, हे त्याला तिथूनच कळते.